बाळाच्या मेंदूतलं मायलिन एमआरआयवर कसं पाहायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पूर्ण दिवसांचं बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या मेंदूतले मोठे तंतुमार्ग जवळपास सगळे जागेवर असतात, पण त्यांच्यावर मायलिनचं (तंतूंभोवतीच्या मेदयुक्त थराचं) आवरण फार थोड्या ठिकाणी चढलेलं असतं. उरलेलं बरंचसं काम पहिल्या दोन वर्षांत उरकतं आणि मग पुढे विशीपर्यंत, कुठे कुठे त्याहूनही जास्त काळ, रेंगाळत चालू राहतं. एमआरआयवर हा सगळा प्रवास दिसतो. मात्र तो पाहायला बसलेल्या नवख्यांची दोन ठिकाणी हमखास गल्लत होते: प्रतिमेतला उजळपणा किंवा गडदपणा म्हणजेच मायलिन असं धरून चालणं, आणि प्रौढांसाठी बसवलेला प्रोटोकॉल थोडा छोटा करून बाळाला लावणं. संशोधनासाठी, भूल न देता, झोपलेल्या बाळाचा वापरण्याजोगा डेटा कसा मिळवायचा आणि तो कसा वाचायचा, एवढंच इथे सांगितलं आहे.

यंत्राला नेमकं काय दिसतं

मायलिनचा पडदा नेहमीच्या एमआरआयला थेट दिसत नाही. त्यातल्या मेदरेणूंच्या प्रोटॉनांचा सिग्नल काही दहा मायक्रोसेकंदांत विरून जातो. प्रतिमा टिपायला सुरुवात होते तोवर तो संपलेला असतो. आपल्याला दिसतं ते पाणी. मायलिन आल्यामुळे त्या पाण्याच्या वागण्यात जे बदल होतात, त्यांवरून आपण मायलिनचा अंदाज बांधतो.

हे बदल तीन प्रकारचे. नव्या पडद्यांतलं कोलेस्टेरॉल आणि ग्लायकोलिपिड शेजारच्या पाण्याशी चुंबकन (मॅग्नेटायझेशन) वाटून घेतात, त्यामुळे टी१ (पाण्याच्या प्रोटॉनांना मूळ स्थितीत परतायला लागणारा वेळ) कमी होतो आणि तो भाग टी१-वेटेड प्रतिमेत उजळ दिसू लागतो. हे आधी घडतं. मग पडद्याचे वेढे घट्ट होत जातात, मोकळं पाणी हटतं, टी२ (सिग्नल विरायला लागणारा वेळ) कमी होतो आणि तोच भाग टी२-वेटेड प्रतिमेत गडद होतो. हे काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत उशिरा दिसतं. तिसरा बदल असा की दोन वेढ्यांच्या मध्ये थोडं पाणी अडकून पडतं. त्याचा टी२ साधारण १० ते ४० मिलिसेकंद, म्हणजे आजूबाजूच्या पाण्यापेक्षा बराच कमी असतो. मायलिन-वॉटर पद्धती याच अडकलेल्या पाण्याचा हिस्सा मोजतात.

आता आकडे पाहा. ३ टेस्लाच्या यंत्रावर प्रौढाच्या व्हाइट मॅटरचा (मेंदूतल्या तंतूंच्या भागाचा) टी१ ८०० ते ९०० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. नवजाताचा २००० च्या पुढे. प्रौढाचा टी२ साधारण ७० मिलिसेकंद, नवजाताचा १५० च्या वर. नवजाताच्या मेंदूत पाणीच इतकं जास्त असतं की मायलिनचा विचार करण्याआधी ते पाणी विचारात घ्यावं लागतं. प्रौढ प्रोटोकॉल बाळावर का फसतो, त्याचं उत्तर या चार आकड्यांत आहे.

आधी वय ठरवा, मग सिक्वेन्स

नवजाताच्या टी१ प्रतिमेत व्हाइट मॅटर ग्रे मॅटरपेक्षा (पेशींच्या भागापेक्षा) गडद दिसतं, म्हणजे प्रौढाच्या बरोबर उलट. पहिल्या वर्षाच्या शेवटापर्यंत चित्र प्रौढासारखं होतं. उलट्याचं सुलट होताना मध्ये एक काळ असा येतो की दोन्हींचा रंग सारखाच. हा काळ साधारण सहा ते आठ महिन्यांचा; थोडं सैल धरलं तर पाच ते नऊ. या वयाचं बाळ तुमच्या अभ्यासात असेल तर टी१ आणि टी२ दोन्ही घ्यायलाच हवेत. एकट्या टी१ वरून ग्रे आणि व्हाइट वेगळं काढता येत नाही, मग सॉफ्टवेअर कितीही नवं असो.

साधा नियम: पहिल्या सहा-आठ महिन्यांत मायलिनची प्रगती टी१ वर वाचा, त्यानंतर दोन वर्षांपर्यंत टी२ वर. या वयात फ्लेअर (मोकळ्या द्रवाचा सिग्नल दाबणारी प्रतिमा) मायलिनसाठी घेऊ नका. पाण्याचं प्रमाण बदलतं तसा त्याचा कॉन्ट्रास्ट पुढेमागे होतो आणि गोंधळ वाढतो. गॅडोलिनियमची (शिरेतून देण्याच्या कॉन्ट्रास्ट औषधाची) गरज नाही.

वय म्हणजे करेक्टेड वय. ३२ आठवड्यांना जन्मलेलं बाळ जन्मानंतर सहा महिन्यांनी आलं, तर त्याचं करेक्टेड वय साधारण चार महिने धरा, कारण ते आठ आठवडे लवकर आलं होतं. मायलिनीकरण मुख्यतः गर्भधारणेपासूनच्या वयाशी बांधलेलं असतं. नोंदीत मात्र तिन्ही गोष्टी ठेवा: जन्मतारीख, जन्मावेळचे आठवडे आणि स्कॅनचा दिवस. ‘६ महिने’ असं गोल लिहू नका, दिवसांत लिहा. पहिल्या सहा महिन्यांत दोन आठवड्यांचा फरकही आलेखावर दिसतो.

परवानगी आणि धातूची तपासणी

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पालकांची लेखी संमती हे तर आलंच. त्याच वेळी अनपेक्षित काही दिसलं तर काय करायचं, हे कागदावर ठरवा: प्रतिमा कोणता रेडिओलॉजिस्ट पाहील, किती दिवसांत पाहील, पालकांना कोण सांगेल. पहिला संशयास्पद स्कॅन समोर आल्यावर ही धावपळ सुरू झाली, तर उशीर झालेला असतो.

बाळाच्या कपड्यांवर भरवसा ठेवू नका. टिचबटणं, चेन, जंतुरोधक म्हणून चांदीचे धागे विणलेलं कापड यांतलं काहीही असू शकतं. बंदांचं साधं सुती झबलं तुमच्याकडेच ठेवा आणि घरचे कपडे उतरवून तेच घाला. अतिदक्षता विभागातून आलेल्या बाळाच्या अंगावर इसीजीचे चिकट इलेक्ट्रोड, तापमान मोजणारी नळी, शस्त्रक्रियेची क्लिप किंवा शंट (मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणारी नळी) आहे का, हे फाइल उघडून पाहा. पालकांना विचारून भागत नाही. शंटचा व्हॉल्व्ह बाहेरून चुंबकाने जुळवण्याचा असेल, तर स्कॅननंतर त्याचं सेटिंग तपासावं लागतं. आत बसणाऱ्या पालकाचीही तपासणी तितक्याच काटेकोरपणे करा. बाळाच्या नादात पालकाच्या खिशातला मोबाइल सुटतो.

वजन अचूक टाका. ४.२ किलोऐवजी ४२ पडलं, तर शरीरात किती रेडिओ ऊर्जा जिरते याचा यंत्राचा हिशेबच चुकतो. नॉर्मल मोडमध्येच राहा. त्यात पूर्ण शरीरासाठी मर्यादा किलोमागे २ वॅट आणि डोक्यासाठी ३.२ वॅट आहे. पल्स ऑक्सिमीटर एमआरआयसाठी मान्य असलेलाच वापरा, सेन्सर पायाला लावा, वायर सरळ बाहेर न्या. वायरीचा वेढा पडला किंवा ती उघड्या त्वचेला टेकली की भाजण्याचा धोका.

झोप: खरा प्रोटोकॉल इथेच आहे

नव्या गटांचा सगळा वेळ सिक्वेन्स (एका प्रकारची प्रतिमा घेण्याची यंत्राची मांडणी) जुळवण्यात जातो आणि झोपेची तयारी शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. हे उलटं हवं. सिक्वेन्स उत्तम आणि बाळ जागं, तर हातात काहीच येत नाही. साधा सिक्वेन्स आणि गाढ झोपलेलं बाळ, तर निदान एक पेपर होतो.

तीन-चार महिन्यांपर्यंतच्या बाळाला पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपवण्याची पद्धत चांगली चालते. क्रम असा:

१. वेळ बाळाच्या नेहमीच्या झोपेला धरून द्या, यंत्राच्या सोयीने नाही. घरून निघताना वाटेत बाळ झोपणार नाही एवढं पालकांना सांभाळायला सांगा. गाडीत अर्धा तास डुलकी झाली की पुढची झोप गेली.

२. दूध स्कॅनच्या ३० ते ४५ मिनिटं आधी पडेल असं बघा. पाजण्याआधीच कपडे बदलून, वजन घेऊन, ऑक्सिमीटर लावून मोकळं व्हा. पोट भरल्यावर बाळाला कमीत कमी हलवायचं.

३. ढेकर काढा. ही पायरी घाईत गळते आणि दहाव्या मिनिटाला बाळ कुरकुरत उठतं.

४. डायपर कोरडा आहे ना पाहा आणि दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळा. छातीवर आवळू नका. मानेखाली जाड घडी येऊ देऊ नका. हनुवटी छातीला टेकली तर श्वासमार्ग दबतो. व्हॅक्यूमने घट्ट होणारी मण्यांची गादी असेल तर बाळ झोपल्यावर तिच्यातली हवा हळूहळू काढा.

५. डोळे मिटले की लगेच उचलू नका. १५ ते २० मिनिटं थांबा. हात हलकेच उचलून सोडा. तो सैल पडला आणि श्वास एकसारखा असला की झोप गाढ लागली आहे.

६. कानांची सोय आता करा.

कानांबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण इथे चूक झाली तर स्कॅन तर जातोच, शिवाय बाळाला इजाही होऊ शकते. यंत्राचा आवाज ११० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. प्रौढांचे फोमचे बोळे नवजाताच्या कानात मावत नाहीत. अर्धवट बसलेला बोळा काहीच अडवत नाही. छोट्या मापाचे बोळे किंवा कानाच्या तोंडाशी बसणारी मऊ सिलिकॉन पुट्टी वापरा. कानाची पाळी खाली आणि मागे ओढली की बाळाची कर्णनलिका सरळ होते. त्यावर नवजातांसाठीची चिकट कर्णझाकणं आणि त्यावर डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या उशा किंवा छोटे हेडफोन. चिकट झाकणं एकटी फार थोडे डेसिबल कमी करतात, त्यांवर विसंबू नका. हे तीन थर लावून डोकं कॉइलमध्ये (डोक्याभोवतीच्या अँटेनात) बसतं का, हे आधी बाहुलीवर करून पाहा. बऱ्याच कॉइलमध्ये बसत नाही, आणि हे स्कॅनच्या दिवशी कळणं वाईट.

बाळ एकदम आलेल्या आवाजाने दचकतं, तसंच एकदम आलेल्या शांततेनेही चाळवतं. म्हणून पहिला सिक्वेन्स सौम्य ठेवा, आवाज पायरीपायरीने वाढवा आणि दोन सिक्वेन्समध्ये मोठी रिकामी जागा सोडू नका. पुढचा सिक्वेन्स आधीच रांगेत लावून ठेवा. ग्रेडियंटचा (प्रतिमेसाठी झटपट बदलणाऱ्या चुंबकक्षेत्राचा) वेग थोडा उतरवला तर आवाज बराच खाली येतो. बदल्यात वेळ थोडा वाढतो. सौदा फायद्याचा आहे.

चार महिन्यांच्या पुढे हीच युक्ती कमी कमी चालते. सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी रात्रीची झोप पकडा: स्कॅनरजवळच्या अंधाऱ्या, शांत खोलीत नेहमीच्या क्रमाने झोपवा, गाढ झाल्यावर उचलून न्या. यंत्राचा रेकॉर्ड केलेला आवाज पालकांनी आधीचे काही दिवस झोपेच्या वेळी हळू वाजवला, तर मदत होते. एक-दीड वर्षाचं मूल सर्वांत अवघड. गुंडाळून राहत नाही, समजावून पटत नाही. या वयात काही फेऱ्या रिकाम्या जाणार हे धरूनच यंत्राचा वेळ मागा.

काय, कोणत्या क्रमाने घ्यायचं

झोपलेली मिनिटं हेच तुमचं बजेट. तीन महिन्यांच्या आतलं बाळ कधी कधी तासभरही मिळतं, पण पहिली २० मिनिटं हमखास आणि पुढची मिळाली तर मिळाली, या हिशेबाने क्रम लावा. एकही सिक्वेन्स पाच-सहा मिनिटांपेक्षा लांब नको. लांब असेल तर दोन फेऱ्यांत तोडा, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी हाती राहते.

लोकलायझरनंतर (जागा ठरवण्याच्या झटपट प्रतिमेनंतर) त्या वयाला जास्त बोलणारी रचनात्मक प्रतिमा घ्या. नवजातात ती टी२, कारण ग्रे आणि व्हाइट मॅटरच्या कडा तिच्यात ठळक दिसतात. इको टाइम (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) प्रौढांसारखा ८०-१०० मिलिसेकंद ठेवलात तर प्रतिमा सपाट येते. १२० ते १६० हवा. ब्रिटनमधल्या डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टने ३ टेस्लावर नवजातांसाठी टी२ चा इको टाइम १५६ मिलिसेकंद आणि टी१ चा इन्व्हर्जन टाइम १७४० मिलिसेकंद ठेवला होता. हे आकडे जसेच्या तसे उचलू नका, पण तुमचे आकडे यांपासून फार लांब असतील तर कारण शोधा. त्यांच्या टी२ मध्ये १.६ मि.मी.चे स्लाइस निम्म्याने एकमेकांवर चढवलेले होते. हालचाल सुधारून त्यांतून ०.५ मि.मी.चा घन डेटा परत बांधता येतो. ही कल्पना मात्र बिनदिक्कत उचलण्याजोगी आहे.

त्यानंतर मायलिनसाठीची एक संख्यात्मक पद्धत. एकच. तीन पद्धती अर्ध्याअर्ध्या घेतलेला डेटा कशालाच पुरत नाही, हे नव्या गटाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. पर्याय असे:

टी१ मॅपिंग झटपट होतं, पुन्हा मोजलं तर आकडा जवळपास तोच येतो आणि पहिल्या वर्षात टी१ ची घसरण इतकी मोठी असते की छोट्या गटातही दिसते. पण तो पाण्यालाही तितकाच उत्तर देतो. सुरुवात करणाऱ्याने हेच घ्यावं असं आमचं मत.

मल्टी-इको मायलिन-वॉटर पद्धत अर्थाच्या दृष्टीने मायलिनच्या सर्वांत जवळची. साधारण १० मिलिसेकंदांच्या अंतराने ३२ किंवा अधिक इको घेतात आणि ४० मिलिसेकंदांखालच्या टी२ चा हिस्सा काढतात. बाळात अडचण दोन्ही टोकांना: मायलिनचं पाणी शून्याजवळ, आणि उरलेल्या पाण्याचा टी२ इतका लांब की ३२ इको त्याची शेपटी पकडण्याआधीच संपतात. सिग्नल-नॉइज गुणोत्तर शंभराच्या आसपास नसेल तर नवजाताच्या नकाशात जे चमकतं तो नॉइज असतो. आरएफ (रेडिओ) पल्सचा कोन थोडाही चुकला तर स्टिम्युलेटेड इको शिरतात; ते हिशेबात धरणारं मॉडेलच वापरा.

एमसीडेस्पॉट पद्धत वेगळ्या फ्लिप अँगलच्या (आरएफ पल्सच्या कोनाच्या) जलद प्रतिमांवरून तोच हिस्सा काढते. बाळांच्या दीर्घकालीन अभ्यासांत ती बरीच वापरली गेली आहे. तिच्यासाठी चुंबकक्षेत्राचे आणि आरएफचे नकाशे लागतात आणि तिचे आकडे मल्टी-इकोच्या आकड्यांपेक्षा मोठे येतात. दोन पद्धतींचे टक्के एका तक्त्यात शेजारी मांडू नका.

मॅग्नेटायझेशन ट्रान्स्फर (मायलिनच्या रेणूंकडून पाण्याकडे जाणारं चुंबकन मोजणं) ही वाजवी तडजोड आहे; तिच्यात जादा आरएफ ऊर्जा जाते, म्हणून मर्यादेवर लक्ष ठेवा. टी१ भागिले टी२ हे गुणोत्तर फुकटात मिळतं, आणि त्याची किंमतही तेवढीच. दोन यंत्रांचे आकडे जुळत नाहीत, आणि कॉन्ट्रास्ट उलटण्याच्या काळात त्याचा अर्थ लावणं कठीण होतं.

डिफ्यूजनबद्दल (पाण्याच्या रेणूंचं फिरणं मोजणाऱ्या पद्धतीबद्दल) सगळ्यात जास्त चुकीची वाक्यं लिहिली जातात. फ्रॅक्शनल अॅनिसोट्रॉपी, म्हणजे एफए (पाण्याचं फिरणं किती एकाच दिशेला बांधलेलं आहे त्याचा आकडा), वाढली म्हणून मायलिन वाढलं असं होत नाही. नवजाताच्या कॉर्पस कॅलोसममध्ये (मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यात) मायलिन जवळपास नसतंच, तरी एफए चांगली असते, कारण तंतू समांतर आणि दाट रचलेले असतात. दोन मार्ग एकमेकांना छेदतात तिथे उलट गंमत होते, मायलिन वाढलं तरी एफए कमीच राहते. रेडियल डिफ्यूझिव्हिटी (तंतूंना आडवं फिरणारं पाणी) थोडी अधिक जवळची, पण तीही तंतूंच्या जाडीला आणि पाण्याला उत्तर देते. डिफ्यूजन जरूर घ्या, पण तंतुमार्ग ओळखण्यासाठी. मग त्या मार्गांवर टी१ किंवा मायलिन-वॉटरचा आकडा वाचा. नवजाताच्या मेंदूत पाणी जास्त मोकळं फिरतं, म्हणून एकच बी-मूल्य (डिफ्यूजनच्या मोजणीची तीव्रता) घेणार असाल तर ७०० ते १००० पुरतं. हा सिक्वेन्स आवाजी असतो आणि टेबलही थरथरतं, म्हणून तो मुख्य प्रश्नाचा भाग नसेल तर शेवटी ठेवा.

स्कॅन चालू असताना

दुसऱ्या मॉनिटरवर प्रत्येक प्रतिमा आल्याआल्या पाहा. कवटीच्या बाहेर सरकलेल्या सावल्या किंवा एक आड एक गडद स्लाइस दिसले की बाळ हललं. पण एका दचक्यावर स्कॅन थांबवू नका. झोपेतला दचका येतो आणि जातो. सिक्वेन्स पूर्ण होऊ द्या, मग तोच पुन्हा लावा. सारखी हालचाल होत असेल तर थांबा, पण दार उघडून आत धावू नका. आत बसलेल्या माणसाने तळहात बाळाच्या पोटावर ठेवला की बरेचदा ते पुन्हा झोपतं. चेहरा लाल, मान घामेजलेली असेल तर दुपटं जास्त झालं आहे. ऑक्सिजनचा आकडा उतरला आणि सेन्सर जागेवर असला, तर चर्चा न करता टेबल बाहेर घ्या.

डोळ्यांनी वाचणं

सॉफ्टवेअरकडे जाण्याआधी प्रत्येक स्कॅन डोळ्यांनी वाचायची सवय लावा. मायलिन खालून वर, मागून पुढे, मधून कडेला सरकतं. पॉल फ्लेक्सिगने शतकापेक्षा जास्त काळापूर्वी शवविच्छेदनावरून हा क्रम मांडायला सुरुवात केली. १९८८ मध्ये बार्कोविच आणि सहकाऱ्यांनी एमआरआयवरचे टप्पे प्रसिद्ध केले आणि ते आजही रोजच्या वापरात आहेत.

पूर्ण दिवसांच्या नवजातात मेंदूस्तंभाचा मागचा भाग, लहान मेंदूकडे जाणारे देठ, थॅलॅमसचा बाहेरचा भाग, इंटर्नल कॅप्सूलच्या (मेंदूच्या खोल भागातल्या तंतूंच्या पट्ट्याच्या) मागच्या भुजेचा मागचा हिस्सा आणि मधल्या खाचेभोवतीचा (सेंट्रल सल्कसभोवतीचा) प्रदेश टी१ वर उजळ हवा. यांपैकी इंटर्नल कॅप्सूल सर्वांत आधी पाहा. पूर्ण दिवसांच्या वयालाही तिथे उजळ पट्टी नसेल तर रेडिओलॉजिस्टला लगेच दाखवा. जन्मावेळी ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळांत हे पुढच्या हालचालींच्या अडचणींचं भरवशाचं लक्षण आहे.

पुढचे टप्पे करेक्टेड वयाने: इंटर्नल कॅप्सूलची पुढची भुजा टी१ वर दोन-तीन महिन्यांत उजळते, टी२ वर सात ते अकरा महिन्यांत गडद होते. कॉर्पस कॅलोसमचं मागचं टोक, स्प्लेनियम, टी१ वर चार महिन्यांना आणि टी२ वर सहा महिन्यांना. पुढचं टोक, जेनू, टी१ वर सहाला आणि टी२ वर आठला. मागच्या खंडाचं खोल व्हाइट मॅटर टी१ वर तीन ते पाच, टी२ वर नऊ ते चौदा महिन्यांत. कपाळामागच्या खंडाचं टी१ वर तीन ते सहा, टी२ वर अकरा ते सोळा. त्याच खंडाचा मेंदूच्या सालीलगतचा (कॉर्टेक्सलगतचा) भाग सर्वांत शेवटी, टी२ वर चौदा ते अठरा महिन्यांत. पाच महिन्यांच्या बाळात जेनू उजळ आणि स्प्लेनियम नाही असं दिसलं, तर आधी प्रतिमेची दिशा तपासा.

दोन वर्षांनंतरही पार्श्व निलयांच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या) मागच्या कोपऱ्याजवळ टी२ वर धूसर उजळ पट्टे राहतात. ही उशिरा पक्व होणारी जागा आहे, इजा नव्हे. फरक असा ओळखा: इथे पट्टा आणि निलय यांच्यामध्ये मायलिन चढलेल्या, गडद ऊतीची बारीक किनार असते. मुदतपूर्व बाळांतल्या इजेत उजळपणा थेट निलयाला टेकतो, कड वाकडीतिकडी होते आणि व्हाइट मॅटर पातळ झालेलं दिसतं.

एका स्कॅनवरून ‘मायलिन कमी’ असा शिक्का मारू नका. कायमची कमतरता आणि नुसता उशीर यांत फरक करायला सहसा दोन स्कॅन लागतात: किमान सहा महिन्यांच्या अंतराने, दुसरा वयाच्या पहिल्या वर्षानंतर. दोन्हींत चित्र तसंच राहिलं तरच कायमच्या कमतरतेचा विचार करतात.

आकडे काढताना

प्रौढांचं सॉफ्टवेअर बाळाची कवटी नीट सोलत नाही आणि व्हाइट मॅटरला ग्रे म्हणतं. नवजातांसाठी डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोमची पाइपलाइन, दोन वर्षांपर्यंत इन्फंट फ्रीसर्फर, आणि आयबीट हे पर्याय आहेत. सहा महिन्यांचा सारख्या रंगाचा काळ इतका चिवट आहे की २०१७ मध्ये आयसेग नावाची स्पर्धाच त्यावर घेतली गेली. सॉफ्टवेअरचा निकाल आला तरी दर पाचव्या-सहाव्या स्लाइसवर सीमारेषा डोळ्यांनी पाहा.

साचा, म्हणजे सगळे मेंदू ज्यावर जुळवायचे तो प्रमाण मेंदू, वयाचाच हवा. प्रौढ साच्यावर ओढलेला नवजात मेंदू कागदावर बसलेला दिसतो, पण इंटर्नल कॅप्सूल दोन-तीन मिलिमीटर सरकलेली असते, आणि तिची रुंदीच मुळात तेवढी. एकाच बाळाचे अनेक स्कॅन असतील तर आधी ते आपसांत जुळवा, मग साच्याकडे न्या.

मोजणीचा भाग कडेने एक व्हॉक्सेल (प्रतिमेतला सर्वांत छोटा घन) आत घ्या. इथे एक छुपा सापळा आहे: मेंदू पहिल्या वर्षात आकारमानाने जवळपास दुप्पट होतो, व्हॉक्सेल मात्र तेवढाच राहतो. नवजाताच्या २ मि.मी. व्हॉक्सेलमध्ये शेजारच्या ऊतीची भेसळ जास्त होते, आणि वय वाढतं तशी ती भेसळ आपोआप कमी होते. ही घट मायलिनची वाढ म्हणून आलेखात घुसू शकते.

आलेखात सरळ रेष बसवू नका. वाढ सुरुवातीला झपाट्याने आणि मग मंद होते. वयाचा लॉगॅरिदम किंवा गोम्पर्ट्झसारखा वक्र वापरा, आणि एकाच मुलाची अनेक मोजमापं असतील तर मिक्स्ड-इफेक्ट्स मॉडेल. हालचालीचा आकडा सोबत ठेवा. कोणती मुलं झोपली नाहीत त्याचीही यादी ठेवा: चिडचिडी, मुदतपूर्व किंवा आजारी बाळं जास्त गळत असतील, तर उरलेला गट मूळ गटासारखा राहत नाही आणि वक्र निष्कारण गुळगुळीत दिसतो.

यंत्राचं सॉफ्टवेअर अभ्यासाच्या मधेच अपग्रेड होणार असेल, तर आदल्या आणि नंतरच्या आठवड्यात तोच फँटम (मोजणी तपासण्यासाठीची ठरावीक नमुना वस्तू) त्याच प्रोटोकॉलने स्कॅन करा, खोलीचं तापमान नोंदवा आणि प्रत्येक बाळाच्या ओळीत सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा. टी१ मध्ये काही टक्क्यांची उडी आली तर ती मुलांमधली की यंत्रामधली, हे नंतर या नोंदीशिवाय सांगता येत नाही.